रूट नेमकं कुठे अडतं: जुन्या टॅब-फोनच्या कामाच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

पुण्यात दांडेकर पुलाजवळच्या अभ्यासिकेसाठी गोळा झालेले जुने टॅब आणि फोन आज टेबलावर मांडले. अभ्यासिका चालवणाऱ्या ताईंची मागणी साधी आहे. पाचवी ते आठवीच्या मुलांना बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये वाचता यावीत, त्यांनी स्वतः तयार केलेली गोष्टींची पानं उघडावीत आणि मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवाय चाळता यावा. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या टॅबलाही हे काम झेपतं. तरीही लोक ते कपाटात टाकतात, कारण प्ले स्टोअर चालत नाही, संकेतस्थळं उघडत नाहीत आणि प्रत्येक गोष्ट रेंगाळते.

आधी बॅटऱ्या पाहिल्या. स्क्रीनची कड जराशी जरी उचललेली दिसली तरी ते यंत्र बाजूला. फुगलेल्या बॅटरीवर चार्जर लावून प्रयोग करायचे नाहीत, आणि मुलांच्या हातात तर ती जाताच कामा नये. उरलेल्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या: टॅबना ट-१, ट-२ असे क्रमांक, फोनना फ-१, फ-२. वहीत प्रत्येकाची अँड्रॉइड आवृत्ती, कर्नलची (अँड्रॉइडच्या मुळाशी असलेल्या लिनक्स गाभ्याची) तारीख आणि प्रोसेसर लिहिला. बहुतेक ४.१ ते ५.१ च्या पट्ट्यातले आहेत.

भाच्याला सगळीच रूट करायची, म्हणजे त्यांवरचा सर्वोच्च अधिकार हातात घ्यायची, घाई झाली आहे. मी म्हटलं, आधी कशासाठी ते लिही. त्यानं पहिलं कारण लिहिलं 'जागा'. जागेसाठी रूट लागतंच असं नाही. कंपनीनं आधीपासून बसवलेली ॲप सिस्टिम विभागात असतात आणि आपल्याला जागा कमी पडते ती डेटा विभागात. सिस्टिममधलं ॲप उडवलं तरी डेटा विभागात त्याची फारशी भर पडत नाही. मोकळं होतं ते त्या ॲपचे अपडेट आणि त्याचा साठा, आणि ते काम सेटिंगमधून 'अपडेट काढा' आणि 'बंद करा' एवढ्यानं होतं. अँड्रॉइड ४.० पासून ही सोय आहे.

रूट करण्याजोगी कारणं उरली ती तीन: सिस्टिममध्ये नवं मूळ प्रमाणपत्र (ज्याच्या आधारे संकेतस्थळ खरं की नाही ते ठरतं) घालणं, देवनागरी फाँट बदलणं आणि मंदावलेली मेमरी स्वच्छ करणं. ज्या यंत्राला यातलं काहीच नको, त्याचं रूट करायचं नाही असं ठरवलं.

७ जून, शनिवार

आजचा दिवस केबलनं खाल्ला. तो वाया गेला असं मात्र मला वाटत नाही, कारण 'रूट होत नाही' अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी पुष्कळांची गाडी इथेच अडलेली असते.

ट-२ जोडला की चार्जिंगचं चिन्ह यायचं, पण संगणकाला काहीच दिसायचं नाही. लिनक्सवर 'एलएसयूएसबी' चालवून पाहिलं तर यादीत नवी ओळच नाही. याचा अर्थ ड्रायव्हर, डीबगिंग, परवानग्या या सगळ्याच्या आधीच कुठेतरी तुटलं आहे. पॉवर बँकेबरोबर मिळणाऱ्या केबलमध्ये पुष्कळदा वीज नेणाऱ्या दोनच तारा असतात, माहिती नेणाऱ्या तारा नसतातच. बाहेरून काही कळत नाही. संध्याकाळी तापकीर गल्लीत जाऊन आखूड, जाड केबल घेतल्या. दुकानदारानं विचारलं, "साहेब, चार्जिंगला की डेटाला?" एवढं विचारणारा दुकानदार भेटला की पुढचं सोपं होतं.

नव्या केबलनं ओळ दिसली. मग 'एडीबी डिव्हाइसेस' (एडीबी म्हणजे संगणकावरून अँड्रॉइडशी बोलायचं साधन) म्हणालं 'नो परमिशन्स'. हा संगणकाचा नकार, टॅबचा नव्हे. लिनक्समध्ये यूडेव्हचे नियम नसले की सामान्य वापरकर्त्याला यूएसबी यंत्राला हात लावता येत नाही. डेबियन-उबुंटूमध्ये अँड्रॉइड प्लॅटफॉर्म टूल्सच्या सामाईक पॅकेजमधून ते नियम येतात. ते बसवलं, केबल काढून पुन्हा लावली.

आता 'अनऑथराइज्ड'. हा मात्र टॅबचा नकार. अँड्रॉइड ४.२.२ पासून संगणकाची आरएसए किल्ली टॅबवर मान्य करावी लागते. स्क्रीनला कुलूप असेल तर तो प्रश्न दिसतच नाही. कुलूप उघडूनही चौकट येईना, तेव्हा यूएसबीची पद्धत एमटीपीवरून कॅमेरा म्हणजे पीटीपीवर केली आणि चौकट आली. 'नेहमी परवानगी द्या' वर खूण करून पुढे गेलो.

भाच्याला वहीत हे ओळीनं लिहायला लावलं: काहीच दिसत नाही म्हणजे केबल किंवा पोर्ट, 'नो परमिशन्स' म्हणजे संगणक, 'अनऑथराइज्ड' म्हणजे टॅब. नकार कोण देतंय हे कळलं की निम्मं काम झालं. विकासकांचे पर्यायच सापडत नसतील तर 'फोनविषयी' मध्ये बिल्ड क्रमांकावर ७ वेळा टिचकी मारायची. ४.२ पासून ते तसे लपवलेले आहेत.

८ जून, रविवार

फ-१ वर अँड्रॉइड ४.४.२, बूटलोडर (सुरू होताना काय चालवायचं ते ठरवणारा प्रोग्राम) बंद, आणि उघडायची अधिकृत सोय नाही. अशा फोनला दोनच वाटा असतात: कर्नलमधल्या एखाद्या भगदाडातून आत शिरायचं, नाहीतर नाद सोडायचा.

भाचा एका झटक्यात रूट करून देणारं ॲप घेऊन आला. "मामा, एकच बटण आहे, सगळ्या फोनला चालतं." मी नको म्हटलं, आणि का ते इथे नीट लिहून ठेवतो. अशा ॲपचा स्रोत खुला नसतो. ते आपल्या सर्व्हरशी बोलून फोनची ओळख कळवतं आणि तिथून मिळेल ते चालवतं. रूट मिळालं तरी त्या रूटचा मालक ते ॲपच असतं. आपल्या फोनवरचा सर्वोच्च अधिकार कुणा अनोळखी माणसाच्या प्रोग्रामला द्यायचा आणि तोच फोन मुलांच्या हातात ठेवायचा, हे मला पटत नाही. नंतर त्याची व्यवस्थापक ॲप आणि त्यानं ठिकठिकाणी पेरलेल्या फाइली काढायला रूट करण्यापेक्षा जास्त मेहनत पडते.

त्याऐवजी कर्नलची तारीख पाहिली. 'फोनविषयी' मध्ये कर्नलच्या ओळीखाली ती लिहिलेली असते आणि भगदाडाच्या वाटेनं जाणाऱ्याला तीच सगळ्यात कामाची, अँड्रॉइडची आवृत्ती नव्हे. जून २०१४ मध्ये जॉर्ज हॉट्झ म्हणजेच जिओहॉट यानं टॉवेलरूट काढलं. ते लिनक्सच्या फ्युटेक्समधल्या दोषावर चालतं, ज्याची नोंद सीव्हीई-२०१४-३१५३ अशी आहे. त्या महिन्याच्या सुरुवातीला दोष दुरुस्त झाला, म्हणून त्याआधी बांधलेला कर्नल असेल तरच उपयोग. फ-१ ची तारीख मार्च २०१४. त्याच आवृत्तीच्या फ-३ ची सप्टेंबर २०१४. दोन्हीवर ४.४.२ लिहिलेलं असलं तरी पहिल्यावर टॉवेलरूट चालणार आणि दुसऱ्यावर कितीही वेळा दाबलं तरी नाही.

या नावानं फिरणाऱ्या बनावट फाइलीही आहेत, त्यामुळे वेगवेगळ्या जुन्या संग्रहांतली हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) जुळल्याशिवाय काही बसवलं नाही. फ-१ वर चालवलं, फोन सुरूच राहिला, शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाकायच्या खिडकीत, 'एसयू' (रूट मागणारी आज्ञा) आणि मग 'आयडी' टाकलं. 'यूआयडी शून्य', म्हणजे रूट, अशी ओळ आली. भाच्यानं टाळी वाजवली.

फ-३ सोडून दिला. त्यावर पीडीएफ वाचक रूटशिवाय उत्तम चालतोय.

१५ जून, रविवार

फ-२ चं कोडं आज सुटलं. आधीच्या मालकानं फोन रूट केलेला होता म्हणे. रूट सांभाळणाऱ्या सुपरयूझर ॲपचं चिन्हही दिसतं. पण ते उघडून मुकाट बसतं, आणि रूट तपासणारं ॲप नाही म्हणतं.

शेलमधून सिस्टिमच्या एक्सबिन फोल्डरमध्ये पाहिलं. 'एसयू' नावाची फाइल जागेवर आहे, मालक रूटच आहे. परवानग्यांची ओळ मात्र 'आरडब्ल्यूएक्स' नं सुरू होते. तिथे 'आरडब्ल्यूएस' हवं. हा शेवटचा 'एस' म्हणजे सेटयूआयडी: फाइल कुणीही चालवली तरी ती तिच्या मालकाच्या, म्हणजे रूटच्या अधिकारानं चालेल अशी खूण. ती नसेल तर 'एसयू' ही इतर कुठल्याही फाइलसारखी फाइल. हे होतं कसं, तर कंपनीचं अपडेट बसताना सिस्टिम विभागातल्या सगळ्या फाइलींच्या परवानग्या सरसकट पुन्हा लावल्या जातात. फाइल राहते, 'एस' जातो. आणि तो परत लावायला रूटच लागतं.

बरं, हा 'एस' लावूनही भागलं नसतं. फ-२ वर आता ४.४ आहे. ४.३ पासून अँड्रॉइडनं नियमच बदलला: झायगोटमधून जन्मलेल्या कुठल्याही प्रक्रियेला, म्हणजे प्रत्येक ॲपला, सिस्टिम विभाग 'नोसूआयडी' असाच दिसतो. ॲपसाठी सेटयूआयडीची खूण असून नसल्यासारखी. झायगोट आणि एडीबी दोघांच्याही क्षमता त्याच आवृत्तीत छाटल्या गेल्या. म्हणून चेनफायर या विकासकानं सुपरएसयू या रूट सांभाळणाऱ्या ॲपमध्ये वेगळा मार्ग काढला. फोन सुरू होतानाच 'डेमनएसयू' नावाची प्रक्रिया रूट म्हणून उभी करायची, आणि ॲपनं 'एसयू' म्हटलं की त्यानं फक्त तिच्याकडे निरोप न्यायचा. खरं काम ती पार्श्वभूमीतली प्रक्रिया करते.

त्यामुळे ४.३ च्या पुढच्या फोनवर रूट बिघडलं तर 'एसयू' फाइलकडे बघण्याआधी डेमन जिवंत आहे का ते बघायचं. प्रक्रियांच्या यादीत 'डेमनएसयू' दिसत नसेल तर तो सुरूच झालेला नाही. फ-२ वर अर्थातच नव्हता, तिथे ४.१ च्या काळातलं जुनं सुपरयूझर पडून होतं. सुदैवानं या फोनचा बूटलोडर उघडा निघाला. रिकव्हरीतून (दुरुस्तीसाठीच्या वेगळ्या छोट्या प्रणालीतून) जुन्या फाइली काढल्या, सुपरएसयूची झिप बसवली. पहिल्याच सुरुवातीला डेमन यादीत दिसला.

५.० पासून आणखी एक भिंत उभी राहते. ४.३ मध्ये एसईलिनक्स (कुठल्या प्रक्रियेला काय करू द्यायचं ते ठरवणारा पहारा) आलं तेव्हा ते नुसतं नोंद करायचं, ४.४ मध्ये मोजक्या प्रक्रियांना अडवू लागलं, ५.० मध्ये सगळ्यांना. म्हणजे यूआयडी शून्य मिळूनही संदर्भ, म्हणजे एसईलिनक्सनं प्रक्रियेला लावलेली चिठ्ठी, चुकीचा असेल तर फाइल उघडत नाही. 'रूट आहे पण परवानगी नाकारली' हा चमत्कारिक वाटणारा संदेश तिथून येतो. पुष्कळ जण अशा वेळी एसईलिनक्स सरळ परमिसिव्ह (न अडवता नुसतं नोंद करणारं) करून टाकतात. मुलांच्या टॅबवर मी ते करणार नाही. डेमन योग्य संदर्भात सुरू झाला की त्याची गरजच पडत नाही.

२१ जून, शनिवार

दोन्ही पालख्या शहरात मुक्कामी आहेत. पेठांमध्ये वाहनं नेण्याचा प्रश्नच नव्हता, घरीच बसून ट-१ आणि ट-४ उरकले.

ट-१ म्हणजे २०१२ चा नेक्सस ७, वाय-फाय आवृत्ती. असं यंत्र हाताशी असलं की बरं वाटतं, कारण बूटलोडर उघडायला कुणाची परवानगी मागावी लागत नाही. आवाज कमी करायचं आणि चालू करायचं बटण एकत्र धरून फास्टबूटमध्ये (बूटलोडरच्या पडद्यावर) गेलो, 'ओईएम अनलॉक' दिलं, टॅबनं सगळं पुसण्याची सूचना दिली, होय म्हटलं. सुरू होताना लोगोखाली उघड्या कुलुपाचं चित्र आलं. यावर ५.१.१ होतं आणि फारच रेंगाळत होतं. गूगलनं या मॉडेलच्या मूळ प्रतिमा (संपूर्ण प्रणालीच्या फाइली) 'नाकासी' नावानं ठेवल्या आहेत, त्यातली ४.४.४ ची बसवली. पीडीएफसाठी तीच योग्य. मग रूट करून डेटा विभागावर हातानं ट्रिम (कुठले कप्पे रिकामे झाले ते मेमरीला कळवणं) चालवलं. ४.३ पासून अँड्रॉइड हे स्वतःहून करतं, पण यंत्र निवांत आणि पुरेसं चार्ज असेल तेव्हा. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या टॅबला तशी रात्र मिळालेलीच नसते. ट्रिमनंतर इतिहासाचं पुस्तक उघडून पानं उलटून पाहिली, आता बोटाबरोबर पान हलतं.

ट-४ सॅमसंगचा. डाउनलोड मोडमधून, ओडिन या संगणकावरच्या प्रोग्रामनं, टीडब्ल्यूआरपी ही बाहेरची रिकव्हरी टाकली, 'पास' आलं, टॅब आपणहून सुरू झाला. नंतर रिकव्हरीत गेलो तर पुन्हा कंपनीचीच. यात बिघाड काही नाही, रचनाच तशी आहे. सिस्टिममध्ये 'रिकव्हरी फ्रॉम बूट' नावाची फाइल असते, आणि टॅब पूर्ण सुरू झाला की एक छोटी स्क्रिप्ट तिच्या मदतीनं मूळ रिकव्हरी परत लिहून टाकते. म्हणून ओडिनमध्ये 'ऑटो रिबूट' वरची खूण काढायची, 'पास' आल्यावर बटण धरून टॅब बंद करायचा आणि अँड्रॉइडला तोंड न दाखवता थेट नव्या रिकव्हरीत शिरायचं. टीडब्ल्यूआरपी तिथे सिस्टिममध्ये बदल करू का असं विचारते. होय म्हटलं की ती त्या फाइलचं नाव बदलून ठेवते. 'फक्त वाचा' असंच ठेवलं तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

२८ जून, शनिवार

ट-३ बद्दल सविस्तर लिहायला हवं.

सात इंची टॅब, ४.१, आतली मेमरी ८ जीबी. कोथरूडच्या एका आजींनी दिलेला. रूट झालं. 'यूआयडी शून्य' मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. बंद करून सुरू केला, रूट गायब. ट-४ सारखंच काहीतरी असेल म्हणून रिकव्हरी टाकायला गेलो. 'पास' आलं, थेट रिकव्हरीत शिरलो, तर जुनीच. कंपनीची संपूर्ण मूळ फर्मवेअर (टॅबची सगळी प्रणाली) टाकली, शेवटपर्यंत गेली, एकही चूक नाही. टॅब सुरू झाला आणि समोर तोच जुना वॉलपेपर, तीच जुनी ॲप. फॅक्टरी रीसेटनंही तेच. भाचा म्हणाला, "मामा, हा ऐकतो सगळं, पण करत काहीच नाही."

मग रूट, रिकव्हरी सगळं बाजूला ठेवलं आणि अगदी साधी परीक्षा घेतली. आधीच्या मालकाचे फोटो अजून गॅलरीत होते. आजींनीच 'काय ते पुसून टाका' म्हणून सांगितलं होतं. एक फोटो काढून टाकला. गेला. टिपणांच्या ॲपमध्ये 'परीक्षा' असा शब्द लिहिला. राहिला. 'सिंक' (बाकी असलेलं सगळं लिहून टाकण्याची आज्ञा) दिलं, टॅब नीट बंद केला, चालू केला. फोटो परत, टिपण नाही. वाय-फायचा परवलीचा शब्द नाही. घड्याळसुद्धा जुनंच.

कारण आतली ईएमएमसी चिप, म्हणजे टॅबची कायमची साठवण. फ्लॅश मेमरीचे कप्पे ठरावीक वेळाच लिहिता येतात. झिजलेले कप्पे बदलायला चिपमध्ये राखीव साठा असतो. तो संपला किंवा चिपमधला नियंत्रक बिघडला की काही चिपा स्वतःला 'फक्त वाचा' अवस्थेत नेतात. त्यातल्या काही उघड चूक दाखवतात, त्या बऱ्या. ही दाखवत नाही. लिहिण्याचा हुकूम स्वीकारते, झालं म्हणते, आणि प्रत्यक्षात काहीच लिहीत नाही. टॅब चालू असेपर्यंत लिहिलेलं सगळं रॅममधल्या साठ्यात दिसत राहतं, म्हणून रूटही 'मिळतं'. वीज गेली की संपलं. बूटलोडर, रिकव्हरी, सिस्टिम, डेटा हे सगळे एकाच चिपचे विभाग, त्यामुळे कुठल्याही वाटेनं गेलं तरी गाठ तिच्याशीच.

रूटच्या मागे लागलेल्या प्रत्येकानं ही फोटोची परीक्षा सगळ्यात आधी घ्यावी असं मी आता म्हणेन. तिला साधनं लागत नाहीत, आणि पुन्हा पुन्हा फर्मवेअर शोधून उतरवण्याचा खटाटोप वाचतो.

संध्याकाळी डोक्यात आलं की मायक्रो एसडी कार्ड तर चालतंय. पुस्तकांची पानं चित्रं म्हणून कार्डावर टाकली तर मूळ गॅलरीतून वाचता येतील, आतली मेमरी गोठलेली असली तरी काय बिघडलं? करूनही पाहिलं. सुंदर चालतं.

२९ जून, रविवार

पण ट-३ अभ्यासिकेत जाणार नाही.

रात्री विचार करताना लक्षात आलं की जी चिप नवं लिहू देत नाही, ती जुनं पुसूही देत नाही. आजींच्या घरातले फोटो, ईमेलचं खातं, संपर्कांची यादी हे सगळं प्रत्येक सुरुवातीला पुन्हा उभं राहणार. पासवर्डचं कुलूपही लावता येत नाही, तेही पुसलं जातं. असा टॅब कुणाच्याही हातात देणं म्हणजे एका कुटुंबाचं कपाट उघडं ठेवणं.

सकाळी आजींना फोन केला. "पुसलं नाहीस का अजून?" म्हणाल्या. समजावून सांगितलं की पुसलं जातच नाही, आणि गूगलच्या खात्याचा पासवर्ड बदलून या टॅबचा प्रवेश काढून टाकायला हवा. त्यांच्या नातीनं ते लगेच केलं. वाचायला चिप अजून उत्तम आहे, त्यामुळे फोटो सगळे संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हवर घेतले. त्यात २०१३ च्या त्यांच्या काशी यात्रेचेही आहेत, जे त्यांना वाटत होतं कुठेच उरले नाहीत. पेन ड्राइव्ह दुपारी पोचवला. त्यांच्या परवानगीनं टॅब उघडून चिप फोडली, स्क्रीन आणि स्पीकर सुटे भाग म्हणून ठेवले, बाकी ई-कचऱ्यात.

यापुढे यंत्र घेतानाच, मालक समोर असताना फॅक्टरी रीसेट करून आणि एकदा बंद-चालू करून बघायचं. ताईंना तसं कळवलं.

५ जुलै, शनिवार

ट-५, अँड्रॉइड ५.१. रूट व्यवस्थित आहे, काम प्रमाणपत्राचं. अभ्यासिकेत वाय-फाय आहे आणि एका टॅबवर तरी काही संकेतस्थळं उघडावीत अशी ताईंची इच्छा. निम्मी स्थळं 'जोडणी खाजगी नाही' म्हणून अडतात.

पहिल्यांदा तारीख पाहायची. बॅटरी पूर्ण उतरलेल्या टॅबचं घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि मग कुठलंच प्रमाणपत्र वैध ठरत नाही. इथे तारीख बरोबर होती.

मूळ अडचण अशी. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रं असंख्य संकेतस्थळं वापरतात आणि त्यांचं मूळ प्रमाणपत्र आयएसआरजी रूट एक्स-१ हे अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या यंत्रांना माहीतच नाही. पूर्वी डीएसटी रूट सीए एक्स-३ या जुन्या मुळाच्या आधारावर काम चालायचं. ते ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं. जुन्या अँड्रॉइडसाठी खास मुदतवाढीची सही मिळवली गेली, तीही ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. तेव्हापासून हे टॅब बाहेर उभे आहेत.

उपाय: नवं मूळ प्रमाणपत्र सिस्टिमच्या प्रमाणपत्रांच्या फोल्डरमध्ये ठेवायचं. फाइलचं नाव मनासारखं चालत नाही. ओपनएसएसएलच्या जुन्या पद्धतीच्या हॅशचं नाव द्यावं लागतं आणि शेवटी टिंब-शून्य. नवी पद्धत वापरली तर फाइल तिथे असूनही अँड्रॉइडला सापडत नाही, कसली चूकही दिसत नाही. कॉपी करताना 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' आलं, म्हणून सिस्टिम विभाग लिहिता येईल असा पुन्हा जोडला. मग 'जागा नाही'. सिस्टिममधली एक न लागणारी खेळाची ॲप काढली. इथे मात्र रूट करून ॲप काढण्याला अर्थ आहे. फाइलला परवानगी ६४४, मालक रूट, विभाग पुन्हा फक्त वाचा, टॅब बंद-चालू. सेटिंगमधल्या विश्वासू प्रमाणपत्रांच्या यादीत नाव दिसलं आणि स्थळं उघडली.

हेच सेटिंगमधून वापरकर्त्याचं प्रमाणपत्र म्हणूनही घालता येतं, रूटशिवाय. पण त्यासाठी स्क्रीनला पिन लावायलाच हवा, आणि ४.४ पासून 'तुमच्या नेटवर्कवर नजर ठेवली जात असेल' अशी सूचना कायम झळकते. मुलं ती वाचून घाबरतील.

४.१ ते ४.४ वाल्यांना यानंही पूर्ण आराम पडणार नाही. टीएलएस १.२ (जोडणी सुरक्षित ठेवण्याची पद्धत) त्यांच्यात आहे, पण ते मुळापासून चालू ठेवलेलं आहे ५.० पासून. म्हणून तेवढे टॅब इंटरनेटशिवायच वापरायचे.

१२ जुलै, शनिवार

ट-६ वर ताईंच्या गोष्टींची पानं उघडली आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'पायऱ्या' या शब्दांमधला अर्धा र फुटलेला. र वेगळा, पाय मोडलेला, य त्याच्यापुढे सुटा. पीडीएफमध्ये फाँट आतच बांधलेला असतो म्हणून पाठ्यपुस्तकं ठीक दिसतात. साध्या पानांना टॅबच्याच जुन्या देवनागरी फाँटवर विसंबावं लागतं. नुकतं वाचायला शिकलेल्या मुलाला मोडलेलं अक्षर दाखवणं मला मान्य नाही. आधी मूळ फाँटची प्रत संगणकावर घेतली, मग नोटो सान्स देवनागरी त्याच नावानं सिस्टिमच्या फाँटच्या फोल्डरमध्ये ठेवला, परवानगी ६४४. टॅब सुरू झाल्यावर 'पायऱ्या' जशा हव्या तशा.

ट-७ मीडियाटेकचा. बूटलूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा सुरू होण्याच्या चक्रात, अडकलेला; दुरुस्तीला एसपी फ्लॅश टूल हा संगणकावरचा प्रोग्राम. हा टॅब बंद अवस्थेत जोडला की प्रीलोडर (सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्राम) जेमतेम दोन-चार सेकंद दिसतो, तेवढ्यात संगणकानं पकडला पाहिजे. त्यामुळे आधी टूलमध्ये डाउनलोड सुरू करायचं, मग केबल लावायची. पर्याय निवडताना फक्त 'डाउनलोड ओन्ली'. 'फॉरमॅट ऑल' नं एनव्हीरॅम (यंत्राची स्वतःची माहिती ठेवणारा विभाग) पुसली जाते आणि तिच्याबरोबर आयएमईआय, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक. तो मग हातानं भरत बसणं हा भारतात कायद्याचा विषय आहे, आयएमईआयशी छेडछाडीला मनाई आहे. मी आधी एनव्हीरॅमचा बॅकअप वाचून घेतला, त्यानंतरच लिहायला हात लावला. मध्येच पावसानं वीज गेली. लॅपटॉपवर काम करण्याचा हा फायदा, बॅटरीवर चालू राहिलं. टॅब सुरू झाला. याला रूटची गरज नाही, केलं नाही.

२० जुलै, रविवार

ट-८ वर अँड्रॉइड ७. इथे सुपरएसयूचा काळ संपतो आणि २०१६ मध्ये आलेल्या मॅजिस्क या रूटच्या साधनाचा सुरू होतो. सिस्टिमला हात न लावता बूट प्रतिमेतच (कर्नल असलेल्या विभागाच्या प्रतीतच) बदल. २६ व्या आवृत्तीपासून त्याला किमान ६.० लागतं, म्हणून आमच्या बाकी टॅबवर त्याचा विचारच नव्हता. एकच पथ्य, पण कडक: बूट प्रतिमा नेमक्या त्याच बिल्डची हवी. जवळपासची चालेल म्हणून घेतली तर टॅब लोगोवर अडकतो, किंवा सुरू होतो आणि वाय-फाय जातं. या टॅबच्या बिल्डची फर्मवेअर मिळाली नाही. पण ७ च्या टॅबवर फाँट ठीक आहे आणि आयएसआरजीचं प्रमाणपत्र वापरकर्त्याचं म्हणून घातलं की ब्राउझरला पुरतं. रूट न करता मराठी विकिपीडियासह किविक्स (इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचायचं ॲप) टाकलं.

आज पहिली खेप अभ्यासिकेत दिली. प्रत्येकाच्या मागे चिठ्ठी आहे: अँड्रॉइड आवृत्ती, बूटलोडर उघडा की बंद, रूट आहे का आणि कशासाठी, मूळ बूट आणि रिकव्हरीचा बॅकअप कुठल्या फोल्डरमध्ये. रूट केलेल्या टॅबवर सुपरएसयूमध्ये 'विचारा' ऐवजी 'नाकारा' असं ठेवलं आहे, म्हणजे नव्या ॲपला परस्पर अधिकार मिळणार नाही.

सातवीतल्या एका मुलीनं ट-१ वर भूगोलाचं पुस्तक उघडलं आणि विचारलं, "काका, यात खुणा करून ठेवता येतात का?" सध्याच्या वाचकात येत नाहीत. ४.४ वर चालणारा, खुणा जपणारा आणि जाहिराती नसलेला पीडीएफ वाचक शोधायचा आहे. फ-१ ची बॅटरी बदलायची आहे. ट-७ चा चार्जिंगचा सॉकेट सैल आहे, तो बुधवारी तापकीर गल्लीत नेतो.